घटक ५ : समाजमाध्यमांवरील तुलना आणि आशयनिर्मात्याची सर्जनशीलता

५.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हांला –
• ‘सामाजिक तुलना’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• पारंपरिक लोककलांतील तुलना आणि समाजमाध्यमांवरील तुलना यांतील फरक सांगता येईल.
• तुलनेचा आशयनिर्मात्याच्या भाषेवर होणारा परिणाम वऱ्हाडी बोलीच्या उदाहरणाने विशद करता येईल.
• स्वतःच्या लेखनात तुलनेचा डोळसपणे उपयोग करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण दृक्-श्राव्य माध्यमासाठी संहितालेखन कसे केले जाते याचा परिचय करून घेतला. पूर्वी असे लेखन आकाशवाणी, दूरदर्शन किंवा चित्रपट यांच्या आधारानेच होत असे. यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि हे चित्र हळूहळू पालटले. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने आपल्याकडे ‘रील्स’ आणले. आज अमरावती जिल्ह्यातील भातकुलीसारख्या तालुक्याच्या गावी राहणारी व्यक्तीही हातातल्या मोबाइलवर संहिता लिहिते, चित्रण करते आणि त्याच दिवशी ते प्रसिद्ध करते. अशा व्यक्तीला आपण या घटकात ‘आशयनिर्माता’ म्हणणार आहोत. नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून तुमच्यापैकी काही जण हे काम करतही असतील.

या माध्यमात कृतीबरोबर तिचा आकडाही प्रसिद्ध होतो. किती जणांनी पाहिले, किती जणांना आवडले, सदस्य किती, हे सर्वांना दिसते. शेजारच्या गावातील निर्मात्याचा आकडाही तितकाच स्पष्ट दिसतो. या अखंड तुलनेचा सर्जनशीलतेवर काय परिणाम होतो, हा प्रस्तुत घटकाचा विषय आहे. ‘तुलनेने मन खचते’ हे त्याचे नेहमीचे उत्तर आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्यापलीकडची एक गोष्ट दिसते : तुलनेमुळे निर्मात्याचा श्रोता बदलतो. ज्याच्यासाठी बोलायला सुरुवात केली तो श्रोता मागे पडतो आणि ज्याच्याशी तुलना होते तो स्पर्धक त्याची जागा घेतो. हे कसे घडते, ते आता क्रमाने पाहू.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ सामाजिक तुलना : संकल्पना

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. त्याचे सार असे : आपली मते आणि क्षमता कितपत योग्य आहेत हे जाणून घेण्याची ओढ माणसाला असते. मोजण्याचे वस्तुनिष्ठ साधन असेल तर तो ते वापरतो. नसेल तेव्हा इतरांशी, विशेषतः आपल्यासारख्याच माणसांशी, स्वतःला ताडून पाहतो. शेतात किती क्विंटल कापूस निघाला हे काटा सांगतो. आपली कविता किंवा आपला विनोद कसा झाला हे सांगणारा काटा मात्र नाही. म्हणूनच कलेच्या क्षेत्रात तुलना अधिक होते.

आपल्याहून सरस वाटणाऱ्याशी केलेली तुलना ‘ऊर्ध्वगामी’ आणि आपल्याहून उणा वाटणाऱ्याशी केलेली तुलना ‘अधोगामी’ म्हटली जाते. पहिलीतून शिकण्याची उमेद मिळते, तशी निराशाही येते. दुसरीतून समाधान मिळते, तसा आळसही येतो. यांपैकी काय घडेल, हे तुलना कोणत्या गोष्टीची होते यावर बरेच अवलंबून असते.

५.२.२ परंपरेतील तुलना : फड आणि कीर्तन

तुलना ही समाजमाध्यमांची देणगी आहे असे समजण्याचे कारण नाही. मराठी लोककलांत ती पूर्वापार आहे. कलगी-तुऱ्याचे उदाहरण घ्या. शक्तीला श्रेष्ठ मानणारा कलगी पक्ष आणि शिवाला श्रेष्ठ मानणारा तुरा पक्ष एकाच फडात समोरासमोर उभे राहतात. एकाने कवनातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने कवनातूनच जवाब द्यायचा. ही उघड स्पर्धा आहे. परंतु तिची रचना लक्षपूर्वक पाहा. दोन्ही पक्षांपुढे श्रोते तेच असतात. प्रतिस्पर्ध्याची संपूर्ण कृती कानांवर पडते. शिवाय समोरच्याचेच कवन पुन्हा म्हणून भागत नाही. जवाब वेगळा असावा लागतो. अशा ठिकाणी तुलना नवनिर्मितीला भाग पाडते.

दुसरे उदाहरण भातकुली तालुक्याशीच निगडित आहे. पूर्णा नदीच्या काठचे ऋणमोचन हे या तालुक्यातील यात्रेचे गाव. संत गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) लोकसेवेचा आरंभकाळ या गावाशी जोडलेला असून तेथील घाट त्यांच्या कार्याची साक्ष देतो. गाडगेबाबांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत होत असे आणि ते प्रश्नोत्तरांनी पुढे सरकत असे. बाबा विचारीत, समुदाय उत्तर देई आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. श्रोत्यांचा प्रतिसाद कीर्तनाची संहिताच घडवीत होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या अखेरच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. श्रोते मुंबईचे, तरीही बोली वऱ्हाडीच आहे. ‘माझे बोलणे या माणसांना कळते आहे काय’ हा प्रश्न बाबा श्रोत्यांकडूनच सोडवून घेत होते, असे ते ऐकताना जाणवते.

या दोन्ही उदाहरणांत निर्मात्याला प्रतिसाद मिळतो, पण तो माणसाकडून आणि अर्थासह. हसू, शांतता, मध्येच उठून जाणे किंवा उलट प्रश्न यांतून काय पोचले आणि काय पोचले नाही, हे त्याला कळते.

५.२.३ समाजमाध्यमांवरील तुलना : आकड्याचे स्वरूप

समाजमाध्यमांवर हाच प्रतिसाद संख्येत रूपांतरित होतो. त्याचे तीन परिणाम संभवतात.

(अ) आकडा कारण सांगत नाही. एखादी चित्रफीत तीनशे जणांनी पाहिली, दुसरी तीन लाखांनी. परंतु का, याचे उत्तर त्या संख्येत नसते. यश गुणवत्तेमुळेच मिळाले असे निर्माता गृहीत धरतो. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. त्यांनी फारशा परिचित नसलेल्या वाद्यवृंदांची ४८ गाणी १४,३४१ सहभागी व्यक्तींना संकेतस्थळावर उपलब्ध करून दिली. काहींना केवळ गाणी दिसली. इतरांना आठ स्वतंत्र गटांत विभागून, आपल्या गटात कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले गेले तो आकडाही दाखवला. आकडा दिसू लागताच लोकप्रिय आणि अलोकप्रिय गाण्यांतील दरी वाढली. त्याहून महत्त्वाचे असे की, एका गटात वर पोचलेले गाणे दुसऱ्या गटात पुष्कळ खाली राहू शकले. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार सुमार गाणी सहसा शिखरावर पोचली नाहीत. मात्र मधल्या गाण्यांचे काय होईल ते सांगता येत नव्हते. बहुसंख्य निर्माते या मधल्या प्रदेशातच असतात, हे ध्यानात घ्या.

(आ) आकडा प्रक्रिया झाकतो. फडात प्रतिस्पर्ध्याची तयारी, त्याची चूक, त्याचे सावरणे हे सारे दिसत असे. पडद्यावर केवळ शेवटचा, निवडलेला आणि संपादित भाग येतो. आपल्या कच्च्या खर्ड्याची तुलना दुसऱ्याच्या पक्क्या कृतीशी होते, आणि ती कधीच न्याय्य नसते.

(इ) आकडा प्रेरणेची दिशा बदलतो. टेरेसा अमाबिले यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७२ लेखकांकडून प्रत्येकी दोन लहान कविता लिहवून घेतल्या. दोन कवितांच्या मधल्या वेळात एका गटाला लिहिण्याची आंतरिक कारणे (लिहिण्यातला आनंद, अभिव्यक्तीची संधी) क्रमाने लावायला सांगितली. दुसऱ्या गटाला बाह्य कारणे (नाव, पैसा, प्रतिष्ठा) क्रमाने लावायला सांगितली. तिसऱ्या गटाला यांपैकी काहीच दिले नाही. पहिल्या कवितेत गटांमध्ये फरक नव्हता. दुसरी कविता तपासताना मात्र बाह्य कारणांचा विचार करून आलेल्या गटाच्या कविता परीक्षक कवींना कमी सर्जनशील वाटल्या. काही मिनिटांच्या विचाराने एवढे घडत असेल, तर दिवसातून अनेकदा आकडा पाहणाऱ्या निर्मात्याचे काय होत असेल, याचा तुम्ही विचार करावा.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. आकड्याकडे पाहणे ही केवळ हौस नसते. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी किमान १,००० सदस्य आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे (किंवा लघुचित्रफितींबाबत ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिले जाणे) अशी अट असते. पावसाच्या भरवशावर शेती असलेल्या घरात या उत्पन्नाला अर्थ आहे. त्यामुळे ‘आकड्याकडे पाहूच नका’ हा उपदेश व्यवहार्य नाही. आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे ओळखणे व्यवहार्य आहे.

५.२.४ भाषेवर होणारा परिणाम : वऱ्हाडीचे उदाहरण

आता प्रस्तुत घटकाच्या मध्यवर्ती मुद्द्याकडे वळू. भाषावैज्ञानिक ॲलन बेल यांनी १९८४ साली ‘श्रोतानुसारी शैली’ची संकल्पना मांडली. न्यूझीलंडमधील नभोवाणीवर तेच वृत्तनिवेदक दोन वेगवेगळ्या केंद्रांवरून बातम्या वाचत. माणूस तोच, काम तेच. तरीही केंद्राचा श्रोतृवर्ग बदलला की त्यांच्या उच्चारांत नियमित फरक पडत असे. माणूस आपली शैली प्रामुख्याने श्रोत्याला अनुसरून घडवतो, असा निष्कर्ष बेल यांनी काढला.

त्यांनी याहून वेगळी अशी एक स्थितीही नोंदवली. कधीकधी बोलणारा समोरच्या श्रोत्याला सोडून, तेथे उपस्थित नसलेल्या पण त्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या एखाद्या गटासारखे बोलू लागतो. तिला आपण ‘संदर्भगटानुसारी शैली’ म्हणू. समाजमाध्यमांवरील तुलना निर्मात्याला पहिल्या शैलीकडून दुसरीकडे ढकलते, असे प्रस्तुत घटकाचे प्रतिपादन आहे.

वऱ्हाडी बोलीच्या संदर्भात हे स्पष्ट होईल. ‘मला, तुला’ऐवजी ‘मले, तुले’. ‘डोळा, काळा’ऐवजी ‘डोया, काया’. ‘करतो आहे’ऐवजी ‘करून रायलो’ ही या बोलीची परिचित वैशिष्ट्ये आहेत. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) तिचे नमुने नोंदले आहेत. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीने तिला मराठी साहित्यात गंभीर स्थान मिळवून दिले.

समजा, भातकुली परिसरातील एक निर्माता खारपाणपट्ट्याविषयी बोलतो आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील या पट्ट्यात भूजल खारट असते. त्याचे वाक्य तीन प्रकारे संभवते :

(१) “आमच्या इहिरीचं पानी खारं हाय. थ्या पान्यात डाय शिजत नाई.”
(२) “आमच्या विहिरीचे पाणी खारट असल्यामुळे त्या पाण्यात डाळ शिजत नाही.”
(३) “अबे, पानी हाय का काय हाय बे! डाय शिजतच नाई ना बे, बाप्पा!”

पहिले वाक्य शेजाऱ्याशी बोलल्यासारखे आहे. ते श्रोतानुसारी आहे. दुसऱ्यात निर्मात्याने पुण्या-मुंबईच्या यशस्वी निवेदकाशी स्वतःला ताडून पाहिले आहे. हे वाक्य शुद्ध आहे आणि माहितीही पूर्ण देते. पण ते कोणीही, कोठूनही लिहू शकला असता. तिसऱ्यात त्याने आपली तुलना लोकप्रिय ठरलेल्या वऱ्हाडी विनोदाशी केली आहे. येथे बोली अधिक ‘वऱ्हाडी’ भासते, पण नीट वाचा : विहीर नाहीशी झाली, खारेपणाही गेला. उरले ते ‘बे’ आणि ‘बाप्पा’.

‘बे’ या शब्दाचे व्याकरण येथे लक्षात घेण्याजोगे आहे. तो बरोबरीच्या किंवा लहान, जवळच्या माणसाला उद्देशून येतो. वडीलधाऱ्यांना कोणी ‘बे’ म्हणत नाही. म्हणजे तो नात्याचा दर्शक आहे. अनोळखी हजारोंना उद्देशून तो पेरला की नाते सुटते आणि केवळ खूण राहते. प्रमाणीकरण आणि अतिरंजन हे दोन परिणाम परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः दोन्हींचे मूळ एकच आहे. दोन्हींत निर्माता इहिरीवरच्या माणसाशी बोलायचे थांबला आहे.

यशस्वी उदाहरण नेमके कशामुळे यशस्वी झाले, हे पाहिले की अनुकरणातील चूक कळते. वर्ध्याचे नितेश कराळे यांचे स्पर्धा परीक्षांविषयीचे वऱ्हाडी बोलीतील अध्यापन टाळेबंदीच्या काळात महाराष्ट्रभर पोचले. त्यांच्या बोलीमागे एक निश्चित श्रोता होता : परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी. बोली ही अवघड विषय सोपा करण्याची रीत होती. केवळ आकडा पाहून त्यांच्याकडे वळणारा अनुकरणकर्ता मात्र लकब उचलील आणि विद्यार्थ्याला विसरेल.

हा पेच मराठीला नवा नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे श्रेष्ठ स्थान. तेराव्या शतकातील विद्येच्या जगात प्रतिष्ठा संस्कृतला होती आणि पंथातील पंडित केशिराज संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छीत होते. त्यामुळे पंथातील सामान्य वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, असे सांगून आचार्य नागदेवांनी त्यांना परावृत्त केल्याचे ‘स्मृतिस्थळा’त नमूद आहे. आजच्या परिभाषेत सांगायचे तर नागदेवाचार्यांनी केशिराजांचा श्रोता त्यांना परत मिळवून दिला. आद्य मराठी गद्याची समृद्धी या निवडीशी निगडित आहे.

येथे पणाला काय लागले आहे, हेही समजून घेतले पाहिजे. एका निर्मात्याचे समाधान ही लहान गोष्ट नाही. परंतु प्रश्न तेवढाच नाही. खाऱ्या विहिरीभोवतीची शब्दकळा, तुरी-हरभऱ्याच्या कामाचे शब्द, बायकांच्या बोलण्यातल्या म्हणी यांतील पुष्कळसा भाग कोशांत आलेला नाही. तो जाणणारा आणि हातात कॅमेरा असणारा माणूस प्रथमच एक झाला आहे. त्याने हे शब्द टाकून चलनी खुणा उचलल्या, तर ती नोंद दुसरे कोण करणार?

५.२.५ तुलनेचा सर्जक उपयोग

तुलना टाळता येत नाही. तिचा विषय मात्र निवडता येतो. पुढील सूचना त्या दृष्टीने उपयुक्त ठरतील.

• श्रोता आधी ठरवा. संहितेच्या माथ्यावर एका खऱ्या व्यक्तीचे नाते लिहा : ‘मावशी’, ‘शेजारचे काका’, ‘दहावीतली पुतणी’. प्रत्येक वाक्य त्या व्यक्तीला कळेल काय, हे तपासा.
• पहिला खर्डा होईपर्यंत त्याच विषयावरील इतरांच्या कृती पाहू नका. खर्डा झाल्यावर अवश्य पाहा.
• आकड्याऐवजी कृतीची तुलना करा. आरंभ कसा केला, उदाहरण कोठे आले, कोणता शब्द नेमका बसला, हे वहीत टिपा. कलगी-तुऱ्यातील शाहीर हेच करीत असे.
• आकडे पाहण्याचा वार ठरवा. इन्स्टाग्रामने मे २०२१ पासून पसंतीचे आकडे लपवण्याची सोय दिली आहे. ती वापरून पाहा.
• संख्येबरोबर एक प्रश्न विचारा. कृती पाहिलेल्या दोन व्यक्तींना ‘कसे वाटले?’ असे न विचारता ‘काय लक्षात राहिले?’ असे विचारा. त्यांचे उत्तर हा गाडगेबाबांच्या कीर्तनातील प्रतिसादासारखा, अर्थ असलेला प्रतिसाद होय.
• सहा महिन्यांपूर्वीच्या स्वतःच्या कृतीशी आजची कृती ताडून पाहा. या तुलनेत परिस्थिती, साधने आणि श्रोता जवळपास समान असल्याने ती सर्वाधिक न्याय्य असते.

५.३ सारांश

कलेला मोजण्याचे वस्तुनिष्ठ साधन नसल्याने निर्माता इतरांशी तुलना करतो. कलगी-तुरा आणि कीर्तन या परंपरांत तुलना व प्रतिसाद समोरच्या श्रोत्यांच्या साक्षीने आणि अर्थासह होत असल्याने ते सर्जनाला पोषक ठरत. समाजमाध्यमांवरील आकडा यशाचे कारण सांगत नाही, प्रक्रिया झाकतो आणि प्रेरणेची दिशा बदलतो. परिणामी निर्माता श्रोतानुसारी शैलीकडून संदर्भगटानुसारी शैलीकडे सरकतो. बोलीच्या बाबतीत हे प्रमाणीकरण किंवा अतिरंजन या रूपांत दिसते. श्रोता निश्चित ठेवून कृतीची तुलना केल्यास मात्र तुलनेतूनही शिकता येते.

५.४ पारिभाषिक शब्द

सामाजिक तुलना : इतरांच्या आधारे स्वतःच्या मतांचे व क्षमतांचे मूल्यमापन.
ऊर्ध्वगामी तुलना : आपल्याहून सरस वाटणाऱ्याशी केलेली तुलना.
बाह्य प्रेरणा : कृतीबाहेरील लाभासाठी (नाव, पैसा, प्रतिष्ठा) असलेली प्रेरणा.
श्रोतानुसारी शैली : प्रत्यक्ष श्रोत्याला अनुसरून घडणारी भाषाशैली.
संदर्भगटानुसारी शैली : अनुपस्थित, प्रतिष्ठित वाटणाऱ्या गटाला अनुसरून घडणारी भाषाशैली.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. सामाजिक तुलनेचा सिद्धान्त कोणी व केव्हा मांडला?
२. कलगी पक्ष कोणाला श्रेष्ठ मानतो?
३. आचार्य नागदेवांनी केशिराजांना संस्कृत ग्रंथरचनेपासून का परावृत्त केले?

उत्तरे : १. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडला. २. कलगी पक्ष शक्तीला श्रेष्ठ मानतो. ३. संस्कृतातील रचनेमुळे पंथातील सामान्य वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील म्हणून परावृत्त केले.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘तुलनेमुळे निर्मात्याचा श्रोता बदलतो’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. फडातील तुलना आणि समाजमाध्यमांवरील तुलना यांतील साम्यभेद स्पष्ट करा.
३. ‘बे’सारखा नातेदर्शक शब्द तुमच्या बोलीत आहे काय? तो कोण, कोणाला उद्देशून वापरतो ते लिहा.

५.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील पाणी, पीक किंवा स्वयंपाक यांपैकी एका विषयावर घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीशी दहा मिनिटे बोला आणि त्यांच्या परवानगीने ते ध्वनिमुद्रित करा. त्यातील, तुम्हांला पूर्वी माहीत नसलेले किमान पाच शब्द अर्थासह लिहा. त्यांपैकी दोन शब्द स्वाभाविकपणे येतील अशी एक मिनिटाची संहिता तयार करा आणि ती प्रथम त्याच व्यक्तीला वाचून दाखवा. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मूळ संहितेसह अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात सादर करा.